पॅटर्सनचा धबधबा आणि गाळलेली पाने

विल्यम कार्लोस विल्यम्स यांची ‘पॅटर्सन’ ही दीर्घ कविता आम्ही काही वर्षे पदव्युत्तर वर्गाला शिकवली. शिकवली म्हणजे नेमके काय केले, हे आता सांगायला हरकत नाही. १९४६ ते १९५८ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झालेली ही कविता सत्राच्या वेळापत्रकात मावणारी नव्हती. म्हणून आम्ही तिच्यातून पंचवीसतीस पाने निवडली, त्यांच्या झेरॉक्स प्रती काढल्या आणि वर्गात वाटल्या. निवडीचे धोरण सरळ होते. धबधबा जिथे जिथे येतो ती पाने ठेवायची. अलेक्झांडर हॅमिल्टन, कुठलीशी कारखानदारांची सोसायटी, राष्ट्रीय कर्ज, व्याज, बँका अशा विषयांचे गद्य उतारे गाळायचे. हे उतारे रूक्ष आहेत, कवीवर एझ्रा पाउंडच्या अर्थविषयक खुळांची छाया पडली होती त्याचा हा परिणाम, असे एक वाक्य सांगितले की विद्यार्थ्यांचेही समाधान होई आणि आमचेही. मग फळ्यावर आम्ही लिहीत असू : धबधबा म्हणजे भाषा, त्याचा गडगडाट म्हणजे शहराचे अजून अर्थाला न आलेले बोलणे, कवी म्हणजे ते बोलणे उलगडू पाहणारा कान. हे काही चूक नव्हते. कविता तसे म्हणतेच. आपल्याकडे तर ‘धबधबा’ या शब्दातच पाण्याचा आवाज भरलेला आहे, असेही आम्ही हौसेने सांगत असू.

तो धबधबा आम्ही प्रत्यक्ष दोनदा पाहिला. पहिल्यांदा २००८ च्या एप्रिलमध्ये आणि दुसऱ्यांदा २०२४ च्या ऑक्टोबरात. या दोन भेटींच्या मधल्या काळात आमच्या फळ्यावरचे ते समीकरण हळूहळू पुसले गेले. ते कसे, हे सांगायचे तर धबधब्याचाच इतिहास सांगावा लागेल.

न्यू जर्सी हे मराठी माणसाला आता परके राज्य राहिलेले नाही. एडिसनच्या आसपास मुलाबाळांकडे राहायला येणारे आईवडील एकदा तरी नायगारा पाहून येतात. त्यासाठी सातआठ तासांचा प्रवास करतात. तासाभराच्या अंतरावरच्या पॅटर्सनला मात्र त्यांना कोणी नेत नाही. पॅटर्सन हे दीड लाखांवर वस्तीचे, गरीब, दाट शहर आहे. पेरू आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकातून आलेली माणसे, पॅलेस्टाइन आणि सीरियातून आलेली अरब कुटुंबे, बांगलादेशी वस्ती, असा त्याचा आजचा तोंडवळा आहे. पहिल्या भेटीत स्टेशनवरून चालत निघालो तेव्हा वाटेतल्या पाट्या स्पॅनिशमध्ये होत्या आणि एका दुकानात हिल्सा मासा मिळत असल्याची बंगाली पाटी होती. रस्ता विचारला तर एका पोराने बोटाने नव्हे, कानाने ऐका अशी खूण केली. खरोखरच, दोन वळणे घेतल्यावर आवाज आला.

पॅसेइक नदीचा हा धबधबा सत्त्याहत्तर फुटांचा आहे. उंचीने काही फार नाही. आपल्याकडच्या घाटात पावसाळ्यात याहून उंच धारा कितीतरी दिसतात. पण याची घडण चमत्कारिक आहे. नदी शहरातून शांतपणे येते आणि कड्यावरून समोर उडी घेण्याऐवजी खडकातल्या एका अरुंद, लांबट भेगेत आडवी कोसळते. समोरची भिंत इतकी जवळ की पाणी त्या भिंतीवर आपटून उलटे तुषार फेकते. मग काटकोनात वळून ते खालच्या डोहात येते. भेगेवर एक पादचारी पूल आहे. त्यावर उभे राहिले की एप्रिलच्या भरल्या पाण्यात दोन मिनिटांत कपडे भिजतात. खडक काळा, उभ्या भेगांचा. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटतो आणि ती ओळख खोटी नाही, कारण हाही लाव्ह्याचा बेसाल्टच आहे. आपला कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, तर हा सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीचा. नदी मात्र इथे अगदी अलीकडे आली. शेवटच्या हिमयुगातल्या बर्फाने आणि त्याने आणून टाकलेल्या गाळाने तिची जुनी वाट बुजली आणि तेराएक हजार वर्षांपूर्वी तिला या खडकावरून वाट काढावी लागली. माणसांपैकी इथे आधी लेनापे लोक होते. ते या पाण्यात मासे धरीत. युरोपीय वसाहतीनंतर ते इथून हुसकले गेले आणि काही स्थलनामे तेवढी मागे राहिली.

यानंतरची गोष्ट एका वनभोजनापासून सुरू होते. १० जुलै १७७८ रोजी, मॉनमथच्या लढाईनंतर बारा दिवसांनी, जनरल वॉशिंग्टन, लाफाएत, जेम्स मॅकहेन्री आणि विशीतला अलेक्झांडर हॅमिल्टन या धबधब्याशी थांबले. मॅकहेन्रीने रोजनिशीत खाद्यपदार्थांचीही नोंद केली आहे : थंड हॅम, जीभ, बिस्किटे. जेवणाची मंडळी धबधब्याकडे पाहून काय बोलली हे कोणाला ठाऊक नाही. पण तेरा वर्षांनी हॅमिल्टन नव्या राष्ट्राचा अर्थमंत्री असताना त्याच्या प्रेरणेने ‘सोसायटी फॉर एस्टॅब्लिशिंग यूजफुल मॅन्युफॅक्चर्स’ ही कंपनी स्थापन झाली आणि १७९२ मध्ये तिने कारखान्यांच्या शहरासाठी हीच जागा निवडली. उपयुक्त वस्तूंच्या उत्पादनाची ही सोसायटी. नाव असे की एखाद्या धर्मादाय संस्थेचे वाटावे. नोव्हेंबर १७९१ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळाने तिला सनद दिली. गव्हर्नर विल्यम पॅटर्सन यांनी त्या सनदेवर सही केली आणि अजून अस्तित्वात नसलेल्या शहराला त्यांचेच नाव मिळाले. सनदेत करांच्या सवलती होत्या, कालवे खणण्याचा अधिकार होता आणि पाणी होते. सोसायटीने धबधब्याच्या वरची व खालची मिळून सातशे एकर जमीन घेतली. त्या दिवसापासून हा धबधबा एका कंपनीच्या मालमत्तेचा भाग झाला. ‘निसर्गाचे औद्योगिकीकरण’ वगैरे शब्द आम्ही वर्गात वापरत असू. त्यापेक्षा सनद हा एक शब्द पुरेसा आहे.

सोसायटीचा आरंभ हास्यास्पद होता. तिचा पहिला अध्यक्ष विल्यम ड्यूअर १७९२ च्या सट्ट्यात बुडून कर्जापायी तुरुंगात गेला. वॉशिंग्टन शहराचा आराखडा करणारा पिएर लांफां याला इथे पाट बांधायला बोलावले, तर त्याने असा भव्य जलसेतू योजला की पैसे संपले; वर्षभरात त्याला काढून पीटर कोल्ट या व्यवहारी माणसाकडे काम दिले गेले. १७९४ मध्ये पहिली गिरणी चालू झाली आणि १७९६ मध्ये सोसायटीने स्वतः काही उत्पादन करण्याचा नाद सोडला. पण पाणी तिच्याकडेच राहिले. पुढे तिने जे केले ते आपल्याकडच्या कुठल्याही खोताला समजले असते : स्वतः कसायचे नाही, दुसऱ्याकडून खंड घ्यायचा. धबधब्याच्या वर नदीचे पाणी अडवून ते पाटांत सोडले, पाट तीन पातळ्यांवर बांधले. वरच्या पाटातले पाणी एका गिरणीचे चाक फिरवून मधल्या पाटात पडे, तिथून दुसऱ्या गिरणीचे चाक फिरवून खालच्या पाटात आणि मग नदीत. एकच पाणी तीनदा विकले जाई. डोहाकडे पाहून जी उंची डोळ्यांत भरते, ती उंची तिथे तीन तुकड्यांत वाटून भाड्याने दिलेली होती.

या पाण्यावर काय काय झाले याची यादी लांब आहे. सॅम्युएल कोल्टने आपली पहिली रिव्हॉल्व्हरे १८३६ पासून इथे बनवली; रॉजर्सच्या कारखान्यात १८३७ पासून रेल्वे इंजिने बनली; १८७८ मध्ये जॉन हॉलंडने आपली पहिली पाणबुडी याच नदीत बुडवून पाहिली. मग रेशीम आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅटर्सनला ‘सिल्क सिटी’ म्हणू लागले. हे सगळे पर्यटकांच्या पत्रकात असते. आम्हांला थांबावेसे वाटते ते सॅम पॅच या माणसापाशी.

सॅम पॅच हा सूतगिरणीतला कामगार. लहानपणीच तो पॉटकेटच्या गिरणीत कामाला लागला होता आणि तिथली गिरणीची पोरे धबधब्यावरून उड्या मारत, त्यांच्यात तोही होता. पॅटर्सनला तो अनुभवी सूतकातणारा म्हणून आला. त्या वेळी टिमथी क्रेन नावाच्या गृहस्थाने धबधब्याच्या उत्तरेकडची जमीन घेऊन तिथे ‘फॉरेस्ट गार्डन’ नावाचे उपवन उभारले. सभ्य लोकांनी यावे, पैसे देऊन खावे, प्यावे, देखावा पाहावा. तोवर ही जागा गिरणीकामगारांची सुट्टीची मोकळी जागा होती. आता तिथे जायला क्रेनचा पूल आणि पुलाची पट्टी. सप्टेंबर १८२७ च्या अखेरीस तो पूल भेगेवरून ओढून बसवायचा समारंभ ठरला. गाव जमले. पूल ओढता ओढता एक ओंडका निसटून खाली गेला, आणि सगळ्यांचे लक्ष क्रेनकडे असताना समोरच्या खडकावरून सॅम पॅचने उडी टाकली, सत्तरएक फूट, पाय खाली करून, आणि वर येऊन पोहत काठाला लागला. क्रेनचा समारंभ फुकट गेला. इतिहासकार पॉल जॉन्सन यांनी २००३ साली पॅचवर एक सुंदर छोटे पुस्तक लिहिले. त्यांच्या मते ही उडी म्हणजे सार्वजनिक जागा हिरावून घेणाऱ्याला दिलेले कामगाराचे उत्तर होते. आम्हांला हे पटते. पुढे पॅच धंदेवाईक उड्या मारणारा झाला, १८२९ मध्ये नायगाऱ्याशी उडी मारून वाचला आणि त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला रॉचेस्टरला जेनेसी नदीच्या धबधब्यात मेला.

विल्यम्सच्या पहिल्या खंडात पॅच आहे. त्याच्या शेजारी सेरा कमिंगही आहे; १८१२ च्या जूनमध्ये धबधबा पाहायला आलेली एका धर्मोपदेशकाची नवविवाहिता, जी काठावरून खाली पडली. ही दोन्ही पाने आमच्या झेरॉक्समध्ये होती. भाषा हरवून पाण्यात जाणारी ही माणसे म्हणून आम्ही ती शिकवली, आणि कविताही तसेच सुचवते, कारण शेवटच्या उडीआधी पॅचचे भाषण फसले असे ती सांगते. पण पॅच कोणाच्या जमिनीसमोर उडी मारत होता, हे विचारायचे आम्हांला सुचले नाही. विद्यार्थ्यांनीही विचारले नाही, कारण जमिनीची पाने त्यांच्या हातात नव्हतीच.

गिरण्यांच्या आतली गोष्ट याच सुमाराची आहे. १८२८ मध्ये मालकांनी दुपारच्या जेवणाची वेळ बाराऐवजी एक केली म्हणून कामगार बाहेर पडले. १८३५ मध्ये वीसएक गिरण्यांतले सुमारे दोन हजार कामगार संपावर गेले. त्यांतली बरीचशी मुले होती. त्यांची मागणी होती रोजचे काम साडेतेरा तासांऐवजी अकरा तासांचे करा. तडजोड बारा तासांवर झाली, शनिवारी नऊ. हे सगळे धबधब्यापासून हाकेच्या अंतरावर.

मोठा संप १९१३ चा. २५ फेब्रुवारीला सुरू झाला आणि जुलैच्या अखेरीस मोडला. विणकराने दोनऐवजी चार माग सांभाळावेत ही मालकांची नवी योजना, हे त्याचे तात्कालिक कारण. त्याला आठ तासांच्या दिवसाची मागणी येऊन मिळाली. इटालियन, ज्यू, जर्मन असे निरनिराळ्या भाषांचे सुमारे पंचवीस हजार कामगार, आयडब्ल्यूडब्ल्यू ही संघटना, बिल हेवूड, एलिझाबेथ गर्ली फ्लिन आणि कार्लो त्रेस्का हे वक्ते. शहरात सभाबंदी झाली तेव्हा शेजारच्या हॅलेडन गावात बोत्तो नावाच्या विणकर कुटुंबाच्या घराच्या सज्जातून भाषणे होऊ लागली. ते घर आज कामगार चळवळीचे संग्रहालय आहे. ७ जून रोजी संपकऱ्यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्वतःच्याच संपाचे नाट्य करून दाखवले. जॉन रीडने ते बसवले होते. टाळ्या पुष्कळ मिळाल्या, संप हरला.

मुंबईच्या वाचकाला इथे १९२८ आठवल्यावाचून राहणार नाही. त्या वर्षीचा गिरण्यांचा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला आणि त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती : विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत, कातणाऱ्याने दुप्पट चात्या पाहाव्यात. गिरणी कामगार युनियन त्याच संपात, मे महिन्यात जन्मली. पॅटर्सन आणि परळ यांच्यामध्ये पंधरा वर्षे होती आणि मागांच्या आकड्यातही फारसे अंतर नव्हते. आम्ही मराठी साहित्याच्या तासाला नारायण सुर्वे शिकवताना गिरणी, संप, चाळ यांची माहिती न कंटाळता देत असू. ती दिल्याशिवाय कविता कळणार नाही असे आमचे ठाम मत होते. मग विल्यम्सच्या तासाला ही सवलत आपण स्वतःला का दिली? परक्या कवितेत प्रतीक पुरते आणि आपल्या कवितेत माहिती लागते, असा काहीतरी समज आमच्या मनात नकळत बसला असावा. अनेक विद्यापीठांत इंग्रजी साहित्य अजूनही असेच शिकवले जाते, हे मात्र केवळ आमचे पाप नाही.

विल्यम्स स्वतः पॅटर्सनचे नव्हेत. ते काही मैलांवरच्या रदरफर्ड गावात जन्मभर डॉक्टरकी करत होते. कारखान्यांतल्या कामगारांच्या बायकांची बाळंतपणे त्यांनी हजारोंनी केली. १९१३ चा संप त्यांनी जवळून पाहिला होता; ‘द वाँडरर’ या १९१४ मधल्या कवितेत त्या संपावर एक भाग आहे आणि तिच्या अखेरीस कवी याच पॅसेइकच्या घाण पाण्यात स्नान करून घेतो. गंगास्नानाची सवय असलेल्या आपल्याला त्या स्नानाचे फार आश्चर्य वाटत नाही, पण अमेरिकन कवितेत ते नवे होते. नदी रंगारी कारखान्यांच्या सांडपाण्याने रंगलेली असे. हे सगळे पोटात घेऊन तीस वर्षांनी ‘पॅटर्सन’ आली. तिच्यात वर्तमानपत्रांतली कात्रणे, स्थानिक इतिहासाच्या ग्रंथांतले उतारे, खाजगी पत्रे जशीच्या तशी घातलेली आहेत. चौथ्या खंडात एका तरुण कवीची पत्रे येतात. तो म्हणजे ॲलन गिन्सबर्ग, पॅटर्सनच्या शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकाचा मुलगा. १९६२ च्या फेब्रुवारीत हाच गिन्सबर्ग मुंबईच्या बंदरात उतरला आणि लघुअनियतकालिकांच्या पिढीला त्याचे पुढे किती अप्रूप होते हे इथल्या वाचकांना सांगायला नको. आपल्याकडे पॅटर्सनचे नाव पहिल्यांदा आले असेल ते असे, धबधब्याला टाळून.

आता आमच्या चुकीकडे वळतो. २००८ साली भरल्या धबधब्याशी उभे असताना आमची नजर एका इमारतीवर सारखी जात होती. डोहाच्या काठी, जिथे पाणी काटकोनात वळते त्याच्याजवळ, विटांची एक लांबट, नेटकी इमारत आहे. ते वीजकेंद्र आहे हे फलकावरून कळले. आतल्या यंत्रांविषयी आम्हांला कुतूहल नव्हते. छायाचित्रात ती मध्ये येते, एवढीच तक्रार होती. घरी येऊन तारखा पाहिल्या तेव्हा आम्ही दचकलो. हे केंद्र सोसायटीनेच बांधले आणि १९१४ मध्ये ते सुरू झाले. पाणचक्क्या मागे पडल्यावर त्या जुन्या कंपनीने तीन पाटांऐवजी एक वीजघर उभारले आणि धबधब्याचे पाणी चार टर्बाइनांतून विकायला सुरुवात केली. ते १९६९ पर्यंत चालले, बंद पडले आणि १९८६ मध्ये पुन्हा सुरू झाले. म्हणजे विल्यम्स ज्या वर्षांत धबधब्याकडे येत होते, टिपणे काढत होते, त्याच्या गडगडाटात भाषा ऐकत होते, त्या सर्व वर्षांत वीजघर चालू होते. कड्यावरून किती पाणी पडायचे आणि नळातून किती जायचे, हे नदीइतकेच दारे उघडणाऱ्या माणसाच्या हातात होते. आम्ही फळ्यावर ज्याला शहराचे आदिम बोलणे म्हणत होतो, त्या बोलण्याला एक चावी होती आणि ती चावी हॅमिल्टनच्या कंपनीकडे होती.

आणि ही गोष्ट कवीला ठाऊक होती. गाळलेली पाने आम्ही त्या रात्री प्रथमच सलग वाचली. हॅमिल्टनवरचे ते रूक्ष उतारे मुख्यतः दुसऱ्या खंडात आहेत, आणि तो खंड कुठे घडतो? धबधब्यावरच्या उद्यानात, रविवारी, कामगार सुट्टी घालवायला आलेले असताना. माणसे गवतावर लोळत आहेत, एक धर्मोपदेशक पैशाचा त्याग करण्याविषयी ओरडत आहे, आणि मधेच सोसायटीची सनद, कर्ज, मक्तेदारी यांचे गद्य येते. पाउंडची आर्थिक मते त्यात आहेत आणि ती विक्षिप्तही आहेत. ते नाकारण्याचे कारण नाही. पण उतारे जागेवरचे आहेत. ज्या खडकावर माणसे बसली आहेत तो खडक कोणाच्या नावावर आहे, एवढेच ते सांगतात. ते काढून टाकल्यावर उरलेला धबधबा नायगाऱ्याच्या चित्रपोस्टकार्डासारखा झाला, आणि तेच आम्ही परीक्षेत विचारत होतो.

आणखी एक तारीख. १७९१ ची ती सोसायटी १९४५ मध्ये संपली. तिची मालमत्ता पॅटर्सन शहराने विकत घेतली. ‘पॅटर्सन’चा पहिला खंड १९४६ चा. यातून काही सिद्ध होते असा आमचा दावा नाही. कवितेची तयारी त्याआधी कितीतरी वर्षे चालू होती. पण दीडशे वर्षांहून अधिक काळ कंपनीचा असलेला धबधबा नगरपालिकेचा झाला आणि लगेचच तो कवितेचाही झाला, हा क्रम वर्गात सांगण्याजोगा आहे.

नगरपालिकेचा झाला म्हणून त्याचे भाग्य उजळले असे नाही. गिरण्या दक्षिणेकडे आणि पुढे परदेशांत गेल्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गिरण्यांच्या जुन्या भागातून महामार्ग नेण्याची योजना होती. नगराध्यक्षांच्या पत्नी मेरी एलन क्रेमर आणि काही तरुण वास्तुविशारद यांनी धरलेल्या आग्रहामुळे तो भाग वाचला. १९७६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड येऊन गेले. त्यानंतरच्या दशकात कापडछपाईच्या मोठ्या कारखान्याला, ज्याच्या आवारात कोल्टच्या बंदुकांच्या गिरणीचे अवशेष आहेत, पुन्हा पुन्हा आगी लागल्या. आम्ही २००८ मध्ये पाहिला तो भाग कुंपणाआड होता; छपरे नाहीत, भिंतींतून झाडे उगवलेली. डोहात प्लास्टिकच्या बाटल्या गोल फिरत होत्या. मागे हिंचलिफ स्टेडियम, जिथे वर्णद्वेषाच्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंचे स्वतंत्र बेसबॉल संघ खेळत, ते १९९७ पासून बंद पडले होते आणि त्याच्या पायऱ्यांत रानटी झाडे होती. पाहायला आलेले आम्ही, दोन प्रेमिक, आणि एक म्हातारा, जो गळ टाकून बसला होता.

२००९ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी कायद्यावर सही केली आणि नोव्हेंबर २०११ मध्ये इथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झाले. २०१६ मध्ये जिम जार्मुशचा ‘पॅटर्सन’ हा चित्रपट आला. पॅटर्सन नावाचा बसचालक, तोही कविता लिहिणारा, डबा खायला या धबधब्यासमोरच्या बाकावर बसतो. चित्रपट आम्हांला आवडला. तरीही सांगायला हवे की त्यात विल्यम्सचे पुस्तक आहे, धबधबा आहे, बसमधली गमतीची संभाषणे आहेत आणि सोसायटी नाही. जार्मुशने अतिशय सुंदर रीतीने तेच केले, जे आम्ही झेरॉक्सच्या यंत्रावर केले होते.

दुसऱ्या भेटीच्या वेळी, २०२४ च्या ऑक्टोबरात, न्यू जर्सीत जवळजवळ पाऊसच पडला नाही. नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासूनचा तो तिथला सर्वांत कोरडा महिना ठरला. आम्ही गेलो तेव्हा मोठ्या आवाजाची अपेक्षा ठेवून दोन्ही वळणे घेतली आणि काही ऐकू आले नाही. रस्त्यावरची वाहतूक तेवढी ऐकू येत होती. परिसर बदललेला होता : नीट राखलेली हिरवळ, गणवेशातले उद्यानरक्षक, माहितीचे नवे फलक; स्टेडियम २०२३ मध्ये पुन्हा उघडले होते आणि तिथून मुलांच्या ओरडण्याचा आवाज येत होता. माणसे पुष्कळ होती. एक बांगलादेशी कुटुंब डबे उघडून बसले होते. हॅमिल्टनचा पुतळा त्याच जागी, पाण्याकडे पाहत. आणि कड्यावरून दोनचार पांढऱ्या धारा.

पण खडक दिसत होता. भरल्या पाण्यात जो कधी दिसला नसता तो सगळा उघडा पडला होता; उभ्या भेगा, ओल्या काळ्या कडा, मधेच अडकलेला एक ओंडका. या नदीचे पाणी धबधब्याच्या वरच लिटल फॉल्सपाशी पिण्यासाठी उचलले जाते. नदी उतरली की काठावरच्या शहरांच्या नळांना किती, टर्बाइनांना किती आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना किती, असा हिशेब करावाच लागतो. वीजघर आज शहराच्या मालकीचे आहे, क्षमता जेमतेम अकरा मेगावॉट. एका उद्यानरक्षकाला आम्ही विचारले, लोक निराश होतात का? तो म्हणाला, रोज विचारतात, नळ कधी सोडणार.

आम्ही वरच्या पाटाकडे गेलो. पाटाच्या तोंडाशी जुनी दगडी भिंत आहे, कडेने मेपलची झाडे. पाटात पानगळीची लाल पाने साचून स्थिर झाली होती. पिशवीतून आम्ही झेरॉक्सचा जुना गठ्ठा काढला, कडा पिवळ्या पडलेल्या, समासात आमच्याच अक्षरात ‘धबधबा = भाषा’ लिहिलेला. आणि पुस्तकही बरोबर होते, या वेळी अख्खे. दुसऱ्या खंडातले हॅमिल्टनचे पान उघडून आम्ही ते पाटाच्या भिंतीवर बसून मोठ्याने वाचले. पाण्याचा आवाज नसल्यामुळे प्रत्येक शब्द नीट ऐकू येत होता. शेजारून जाणाऱ्या एका मुलीने आईला विचारले, ते काय वाचतायत? आईने आमच्या हातातल्या पानाकडे क्षणभर पाहिले आणि हिशेब असावा, असे तिला बंगालीत सांगितले.